डिसेंबरच्या सुट्टीत घरी धुंधुरमास कसा करावा

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात अनेकांना सुट्टी असते, पण ज्यांची मुले दूर आहेत, जे नोकरीसाठी परगावी एकटे राहतात किंवा ज्यांच्या घरातले माणूस याच वर्षी गेले आहे, त्यांना हे दिवस फार लांब वाटतात. अशा वेळी उत्सवाचा मोठा घाट घालण्यापेक्षा एका पहाटे धुंधुरमास करावा, असे मी आग्रहाने सुचवीन. सुमारे १६ डिसेंबरपासून भोगीपर्यंत सूर्य धनु राशीत असतो. या धनुर्मासात निदान एक दिवस तरी पहाटे स्वयंपाक करून उगवत्या सूर्याला नैवेद्य दाखवायचा आणि त्या कोवळ्या उन्हात सर्वांनी मिळून जेवायचे, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे.

सर्वांत आधी पाने कोणाची मांडायची ते ठरवावे, कारण या बेताची खरी ऊब तिथेच आहे. चार-पाच माणसे पुरेत. सणावाराला सहसा ज्यांना बोलावणे जात नाही, त्यांचा विचार प्रथम करावा: शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजी, सुट्टीत गावी जाऊ न शकलेला विद्यार्थी, रात्रपाळी संपवून सकाळी घरी निघणारा सोसायटीचा वॉचमन. निरोप संदेशाने न पाठवता दाराशी जाऊन किंवा फोनवर बोलून द्यावा आणि वेळ नेमकी सांगावी. डिसेंबरअखेरीस पुण्या-मुंबईत सूर्य सातनंतर उगवतो, नागपुरात त्याआधी. त्यामुळे पाच वाजता उठले तरी स्वयंपाक निवांत होतो.

बेत ठरलेला आहे: मूगडाळीची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचे भरीत, गाजराची कोशिंबीर आणि गूळ. बाजरीचे पीठ मात्र दोन-तीन दिवसांच्या आत दळलेले असावे, कारण बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने ते पीठ लवकर कडवट होते. वांगी आदल्या रात्री भाजून ठेवावीत आणि विरजलेल्या सायीचे लोणी संध्याकाळीच काढावे. खिचडीसाठी तांदूळ आणि डाळ समप्रमाणात घ्यावी, तुपावर जिरे, मिरे, हिंग आणि किसलेले आले परतून त्यावर दोन्ही घालावे आणि ती आसट होईल इतके गरम पाणी ओतावे. भाकरीचे पीठ गरम पाण्याने, एकेका भाकरीपुरतेच मळावे आणि थापताना वरून तीळ दाबावेत. हा बेत बाहेरून मागवू नये. थंडीत उठून दुसऱ्यासाठी चूल पेटवणे हाच त्याचा गाभा आहे, आणि लवकर आलेल्या पाहुण्याला भाकरी थापायला बसवले तर त्यालाही परकेपणा वाटत नाही.

पूर्वेकडची गॅलरी, गच्ची किंवा अंगण असेल तिथे पाने मांडावीत. सूर्याला अर्घ्य देऊन नैवेद्य दाखवावा; ज्यांची श्रद्धा नसेल त्यांनी क्षणभर शांत उभे राहिले तरी चालेल, कोणावर कसलीही सक्ती नको. जेवताना सरत्या वर्षात आपल्या उपयोगी पडलेल्या एखाद्या माणसाची आठवण प्रत्येकाने सांगावी, असे यजमानाने स्वतःपासून सुरू करावे. ज्याला बोलायचे नसेल त्याला बोलते करू नये. घरात दुःख ताजे असेल तर गेलेल्या माणसाचे नाव टाळण्यापेक्षा त्याच्या आवडीचा एक पदार्थ पानात वाढावा आणि त्याच्याविषयी मोकळेपणी बोलावे. माझ्या मते जपून धरलेल्या मौनापेक्षा हे अधिक आधार देते.

अगदी एकट्यानेच करायचे असेल, तर खिचडी दोघांपुरती शिजवावी आणि दुसरा डबा कोणाला तरी गरम असतानाच नेऊन द्यावा. परदेशातल्यांना वेळेची सवलतच आहे: नाताळाच्या सुमारास लंडनमध्ये सूर्य आठनंतर उगवतो, त्यामुळे लहान मुलेही सहज सामील होतात. ढगाळ आकाशात सूर्य दिसला नाही, तरी उगवतीची वेळ पाळावी. बाजरीचे पीठ विकत घेताना पाकिटावरची दळल्याची तारीख पाहावी आणि उरलेले पीठ शीतकपाटात ठेवावे.

पाहुणे निघण्यापूर्वी, भोगीच्या आत आणखी एक पहाट कोणाच्या घरी करायची ते विचारून दिवस तिथल्या तिथे पक्का करावा.