रॉबर्टसनचा पुडिंगचा प्रवेश बसवताना

इंग्रज नाटककार टॉम रॉबर्टसन (१८२९–१८७१) नटांच्याच घरातला. अभिनेत्री डेम मॅज केंडल ही त्याची धाकटी बहीण. त्याच्या ‘अवर्स’ (१८६६) नाटकात क्रिमियातल्या झोपडीत, ऐन युद्धात, रोली-पोली पुडिंग, म्हणजे जॅम लावून गुंडाळलेली पिठाची वळी, बनतं. हा प्रवेश खोट्या पिठाने करू नका, लगेच कळतं.

मैदा २०० ग्रॅम, किसलेली चरबी किंवा थंड लोणी १०० ग्रॅम, चिमूटभर मीठ. पाणी साधारण १२० मिली, पण थोडं थोडं घाला. पीठ सैल झालं की बोटांना चिकटतं, नटी हातांकडे बघत बसते आणि संवाद पडतो. अर्धा सेंटीमीटर जाड लाटा. जॅम कडेपासून दोन सेंटीमीटर आत ठेवा, नाहीतर गुंडाळताना तो पोशाखावर येतो. तालमीत पहिल्या दिवसापासून खरंच मळा. हात थांबले की प्रवेश मेला.

दार उघडलं की बर्फ आत यायला हवा. कागदाचे बारीक कपटे विंगेतून, दर वेळी एकच मूठ. टेबल दारापासून दोन मीटर लांब हवं, नाहीतर कपटे पिठात. आणि दार बंद झाल्यावरच पुढचं वाक्य. हशा आधी ओसरू द्या.