जुन्या मित्रांसोबत दुपारचं जेवण: आधी काय काय बघून ठेवायचं

तारीख एकानेच ठरवावी. ग्रुपवर 'कधी भेटायचं?' असं मोघम विचारलं की आठ जणांची आठ मतं येतात आणि बेत बारगळतो. दोनच तारखा द्या, उत्तराची मुदत सांगा आणि जिकडे जास्त जण तो दिवस पक्का करा. ज्याला जमणार नाही त्याला मात्र स्वतः फोन करा. आपल्याला वगळून ठरलं, असं त्याला वाटता कामा नये.

मग जागा. उपनगरात सगळे जवळच राहतात असं वाटतं, पण एकाला दोन बस बदलाव्या लागतात आणि दुसरा गाडी लावायला जागा शोधत फिरतो. त्यामुळे स्वतःच्या सोयीचं हॉटेल न निवडता, ज्याला यायला सगळ्यात त्रास आहे त्याच्या बाजूने विचार करा. स्टेशनपासून किती चालावं लागतं, जिने किती, लिफ्ट चालू असते का, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, हे एकदा जाऊन बघून यावं. मोठ्या संकुलात नकाशावरची खूण कधीकधी मागच्या गेटवर नेऊन सोडते, म्हणून प्रवेशद्वाराचा फोटोही पाठवा.

जाल तेव्हा त्याच वारी, त्याच वेळी जा, कारण आवाज तेव्हाच कळतो. माझ्या मते चवीपेक्षाही हे महत्त्वाचं आहे. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येऊ लागतात. त्यामुळे समोरचा बोलतोय हे कळतं, पण शब्द नीट लागत नाहीत, आणि गोंगाटात तर फारच. असा मित्र दोनदा 'काय?' विचारतो आणि मग नुसता हसत बसतो. त्याच्यासाठी स्पीकरपासून आणि स्वयंपाकघराच्या दारापासून लांबचं, कोपऱ्यातलं टेबल मागून घ्या. बोलणाऱ्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडेल अशा बाजूला त्याला बसवा. काच आणि फरशी आवाज परतवतात. पडदे आणि गाद्या तो शोषून घेतात.

लांबलचक टेबल शक्यतो नको. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५मध्ये मांडलेलं निरीक्षण असं, की एका गप्पेत साधारण चारच माणसं टिकतात, त्यापुढे गट फुटतो. आठ जण असाल तर गप्पांचे दोन घोळके होणारच, ते गृहीत धरा आणि जेवण अर्ध्यावर आलं की जागा बदलायची हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर शेवटच्या खुर्चीवरचा मित्र तिथेच अडकतो.

वेळ जरा लवकरची ठेवा. मधुमेहाची काही औषधं आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना जेवण लांबलं तर साखर खाली जाण्याचा धोका असतो. पथ्य, उपास, ॲलर्जी हे ग्रुपवर विचारू नका, एकेकाला वेगळं विचारा. आजारपण सगळ्यांसमोर सांगायची अनेकांची तयारी नसते. ॲलर्जी असेल तर हॉटेलला टेबल बुक करतानाही सांगा आणि ऑर्डर देतानाही. 'अगदी थोडंसंच घातलंय' हे उत्तर चालवून घेऊ नका, तेवढ्यानेही माणूस दवाखान्यात पोचू शकतो.

पैशांचं आमंत्रणातच लिहा. बिल सारखं वाटून घ्यायचं असलं की माणसं जास्त मागवतात, हे २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थतज्ज्ञ उरी ग्नीझी आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात दिसलं होतं. भरडला जातो तो कमी खाणारा, किंवा सध्या ज्याची नोकरी नाही तो. अशा वेळी टीटीएमएम, म्हणजे 'तुझं तू, माझं मी', सगळ्यात बरं. वेगळी बिलं हवीत हे वेटरला ऑर्डरच्या आधी सांगा.

याहून नाजूक तयारी बोलण्याची. मधल्या वर्षांत कुणाचं माणूस गेलेलं असतं, कुणाचा संसार मोडलेला असतो. हे तुम्हाला ठाऊक असेल तर त्या मित्रालाच विचारा: 'बाकीच्यांना सांगून ठेवू का?' तो हो म्हणाला तरच सांगा. दोघांत अबोला असेल तर दुसरा येतोय हे दोघांनाही आधी कळू द्या. आणि शाळेतली टोपणनावं जपून वापरा. काहींना ती तेव्हाही लागत होती.

जुने फोटो कागदावरचे आणा, ते हातोहात फिरतात. सगळ्यांचा एकत्र फोटो जेवणाआधीच काढा, कारण कुणीतरी लवकर निघतंच. तो कुठेही टाकण्याआधी मात्र विचारा.

शेवटी, जेवणानंतर बसायची जागा हेरून ठेवा. बिल आलं की टेबल सोडावं लागतं आणि गप्पा तर तेव्हाच रंगात आलेल्या असतात. मग सगळे पार्किंगमध्ये उन्हात तासभर उभे. जवळची बाग, सावलीतले बाक, नाहीतर त्याच भागात राहणाऱ्या कुणाचं तरी घर चालेल. घर असेल तर त्या घरच्यांना मात्र आदल्या दिवशीच विचारून ठेवा.