केसांना प्रोटीन देताय? आधी या चुका टाळा

केस कोरडे वाटले की लगेच केराटिनचा, म्हणजे केसातल्याच प्रोटीनचा मास्क घ्यायचा, ही चूक बघून बघून खरंच वैताग आलाय. कोरडे केस वेगळे आणि कमकुवत केस वेगळे. ब्लीच, कलर, रोजचं स्ट्रेटनर यांनी केसाचं वरचं आवरण खराब होतं, आतलं प्रोटीन कमी होतं, तिथे प्रोटीन कामाचं. नुसते खरखरीत झाले असतील तर साधं चांगलं कंडिशनर पुरतं.

माझ्या भाचीने हायलाइट्स केले आणि मग "रिपेअर" लिहिलेलं दिसेल ते घ्यायला लागली. एक दिवस फोन, मावशी, मास्क लावतेय तरी केस जास्तच तुटतायत. म्हटलं सगळ्या बाटल्या घेऊन ये. मागची लेबलं वाचली तर शाम्पूत हायड्रोलाइज्ड (बारीक तुकडे केलेलं) व्हीट प्रोटीन, कंडिशनरमध्ये केराटिन, न धुता केसात ठेवायच्या लीव्ह-इनमध्ये सिल्क प्रोटीन, आणि वर प्रत्येक धुण्याला प्रोटीन मास्क! केस हाताला कडक, काड्यांसारखे, ओला केस जरा ओढला की न ताणता टक्कन तुटायचा. आणि तिला वाटायचं डोस कमी पडतोय. सगळं बंद करायला लावलं, एकदा क्लॅरिफायिंग (साचलेला थर काढणाऱ्या) शाम्पूने धुतले आणि मग फक्त बिनप्रोटीनचं कंडिशनर. काही धुण्यांत मऊपणा आला, पण फाटलेली टोकं कापावीच लागली, कारण केस म्हणजे मेलेला भाग, तो जखमेसारखा भरून येत नाही. बाटलीवर काहीही लिहिलेलं असू दे.

मी काय करते सांगते. गळालेले चार-पाच ओले केस घ्यायचे आणि हळूच ताणायचे. थोडे ताणून परत जागेवर आले तर काही बदलू नका. न ताणता तुटले तर प्रोटीन थांबवा, ओलावा वाढवा, म्हणजे बिनप्रोटीनचं कंडिशनर लावा. लांबतच गेले, परत आले नाहीत, हाताला लिबलिबीत लागले तर प्रोटीनची गरज आहे. एका केसावरून ठरवू नका प्लीज. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, आज मास्क उद्या सीरम परवा तेल असं केलं तर कशाने काय झालं कळणारच नाही, पण एवढा धीर कुणाला नसतो.

कडक केस म्हणजे प्रोटीनच जास्त झालं असंही नाही, जड पाण्यातले क्षार साचले तरी तसंच वाटतं, तेव्हा कीलेटिंग (क्षार काढणारा) शाम्पू वापरून बघा.

कंडिशनर रात्रभर ठेवू नका. केस तासन्‌तास ओला राहून फुगतो, आणि ब्लीच केलेल्या केसाला ते झेपत नाही. पाच-दहा मिनिटं खूप झाली.

अंडं लावू नका, त्यातलं प्रोटीन केसात शिरण्याइतकं लहान नसतं.

आणि सलूनमधली केराटिन ट्रीटमेंट म्हणजे प्रोटीनचा डोस नव्हे. ती केस सरळ करायची प्रक्रिया आहे, काहींमध्ये तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटतो, त्यामुळे आत नक्की काय आहे ते खुर्चीत बसायच्या आधी विचारा.