कोक आणि सिंटर यांची तप्त ताकद कशी तपासावी

कोकची (हवेविना तापवून केलेल्या दगडी कोळशाची) थंड अवस्थेतील ड्रम चाचणी, म्हणजे ड्रममध्ये फिरवून किती तुटतो ते पाहण्याची चाचणी, उत्तम आली, म्हणून तो खनिजापासून लोखंड काढणाऱ्या झोतभट्टीतही टिकेल असे मानता येत नाही. भट्टीच्या खालच्या भागात खनिज वितळल्यावर घनरूपात फक्त कोकच उरतो. वरचा भार पेलणे, वर चढणाऱ्या वायूला आणि खाली ठिबकणाऱ्या लोखंडाला वाट देणे ही कामे त्यालाच करावी लागतात, आणि तोवर कार्बन डायऑक्साइडने त्याला बरेच पोखरलेले असते. ही झीज प्रयोगशाळेत घडवून पाहण्याची रीत जपानमध्ये निप्पॉन स्टीलने रूढ केली.

सुमारे 20 मिमी आकाराचा, पूर्ण वाळवलेला 200 ग्रॅम कोक घ्यावा. केवळ गोल, देखणे तुकडे निवडल्यास निकाल फसवा येतो. नायट्रोजनच्या प्रवाहात तो 1100 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मग दोन तास मिनिटाला 5 लिटर या दराने कार्बन डायऑक्साइड सोडावा आणि पुन्हा नायट्रोजनमध्येच थंड करावा. गरम कोकला हवा लागली तर तो जळतो आणि घट खोटी वाढते. वजन 150 ग्रॅम भरले, तर घट 25 टक्के, म्हणजे सीआरआय (कोकची वायूशी अभिक्रिया होण्याचा निर्देशांक) 25. हाच कोक आय-ड्रममध्ये (या चाचणीच्या नळीसारख्या ड्रममध्ये) 600 फेरे फिरवून 10 मिमीच्या चाळणीवर चाळावा. वर 96 ग्रॅम राहिल्यास सीएसआर (अभिक्रियेनंतर उरलेली ताकद) 64 येतो, कारण भागाकार मूळ 200 ग्रॅमने नव्हे, तर उरलेल्या 150 ग्रॅमने करायचा असतो. मोठ्या भट्टीला साधारणपणे 60 च्या वरचा सीएसआर हवा असतो.

सिंटरचा (बारीक खनिज भाजून जोडलेल्या ढेकळांचा) धोका मात्र भट्टीच्या वरच्या, तुलनेने थंड भागातच असतो. सुमारे 500 अंशांना हेमॅटाइट या लोहाच्या ऑक्साइडचे कमी ऑक्सिजन असलेले मॅग्नेटाइट होताना आकारमान वाढते, तडे जातात आणि भुगा पडून वायूची वाट अडते. त्यासाठी 500 ग्रॅम नमुना 30 टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि 70 टक्के नायट्रोजनमध्ये 550 अंशांवर अर्धा तास ठेवून, थंड झाल्यावर ड्रममध्ये 900 फेरे देतात, 2.8 मिमीखाली गेलेला टक्केवारीतला भाग म्हणजे आरडीआय (क्षपणात, म्हणजे ऑक्सिजन निघताना, भुगा होण्याचा निर्देशांक). हा आकडा जितका कमी तितके बरे.

आरडीआय चढल्यास आधी ॲल्युमिना पाहावे. भारतीय खनिजात ते बहुधा जास्तच असते. फेरस ऑक्साइड वाढवून आरडीआय उतरवता येतो, पण मग सिंटरचे क्षपण मंदावते आणि कोकचा खप वाढतो, त्यामुळे हा उपाय बेतानेच वापरावा. सीएसआर घसरल्यास मात्र कोळशाचे मिश्रण आणि राखेतील अल्कली तपासावेत, कारण पोटॅशियम आणि सोडियम कोकची झीज वेगाने घडवून आणतात.