इंग्रजी स्वर बोलायचे कसे: स्पेलिंग मिटा, जोर शोधा

इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच आणि ब्रिटिश उच्चारात स्वर वीसच्या आसपास. त्यामुळे ‘स्पेलिंग नीट वाचा, उच्चार आपोआप येतो’ असं सांगणाऱ्या क्लासची फी वाचवा. कॅक्स्टन या इंग्रज मुद्रकाने इंग्लंडात वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला १४७६ साली. छपाईमुळे स्पेलिंगं हळूहळू गोठली, पण लोकांच्या तोंडचे दीर्घ स्वर पुढची दोनेक शतकं सरकतच राहिले. त्या स्पेलिंगवरून आजचा उच्चार काढणं म्हणजे पेशवेकालीन नकाशात मेट्रोचं स्टेशन शोधणं.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून लर्नर्स डिक्शनरी (इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश) आणा, नाहीतर फोनवर घ्या; उच्चाराच्या खुणा हव्यात. ‘बेड-बॅड’, ‘शिप-शीप’, ‘कॉट-कोट’ या जोड्या मोठ्याने म्हणा. ॲ आणि ऑ आपल्याकडे आहेतच, हे पटकन जमतं.

खरी गोची पुढे आहे. इंग्रजी शब्दात एका तुकड्यावर (म्हणजे सिलेबलवर) मुख्य जोर पडतो आणि तिथला स्वर स्वच्छ ऐकू येतो. बिनजोराच्या तुकड्यांतले बरेचसे स्वर विरघळून आखूड ‘अ’ होतात, साधारण ‘कमळ’च्या क-मधला. स्पेलिंगमध्ये ई असो, नाहीतर ओ. गंमत म्हणजे ‘डॉक्टर’ म्हणताना तो आपण बिनचूक लावतो; ‘डॉक्टोर’ कुणी म्हणत नाही. ‘प्रॉब्लम’चा मात्र ‘प्रॉब्लेम’ करतो, ‘ब्रेकफस्ट’चा ‘ब्रेकफास्ट’.

‘फोटोग्राफ’ घ्या. जोर पहिल्या तुकड्यावर, म्हणून ‘फोटग्राफ’. ‘फोटोग्राफर’मध्ये जोर दुसऱ्यावर सरकतो आणि होतं ‘फटॉग्रफर’. ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर: ‘फोटग्रॅफिक’. इथे वर्गात हमखास हात वर होतो, “पण मॅडम, तिथे ओ आहे ना?” आहे की! छापलेला आहे, बोलायचा नाही.

डिक्शनरीत जोराच्या तुकड्याआधी वरच्या बाजूला बारीक उभी रेघ असते. आधी तीच बघा. त्या तुकड्यावर टेबलावर थाप मारा, बाकीचे पुटपुटल्यासारखे म्हणा. थाप म्हणजे ओरडणं नव्हे. तो स्वर जरा लांबवा, स्पष्ट करा. आणि वहीत उच्चार देवनागरीत उतरवू नका. काना-मात्रा दिसली की ती ठासून म्हणायची आपली सवय जात नाही. इथे मी लिहितेय ते नाइलाजाने.

दिसेल त्याचा ‘अ’ही करू नका. ‘कॉलेज’, ‘व्हिलेज’ यांचा शेवट ‘इज’ होतो: ‘कॉलिज’, ‘व्हिलिज’. (फर्ग्युसन रस्त्यावर खुशाल ‘कॉलेज’ म्हणा, रिक्षावाल्यापुढे साहेबी कशाला? मुलाखतीत मात्र ‘कॉलिज’.)

हे जमलं की वाक्यं घ्या. ‘ऑफ’, ‘टू’, ‘फॉर’ हे शब्द वाक्यात असेच मिटतात. ‘कप ऑफ टी’चं ‘कप अव टी’ होतं.

ओ-यू-जी-एचवाल्या शब्दांत नियम शोधत बसू नका. ‘दो’, ‘थ्रू’, ‘टफ’, ‘कॉफ’, ‘थॉट’: सरळ पाठ करा. रोज थोडे शब्द फोनवर रेकॉर्ड करा आणि लगेच डिक्शनरीतला आवाज लावून ताडून बघा.