तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा व्यायाम : पेन्सिलच्या आधी पळणं, चढणं, लटकणं

माझी मुलगी साडेतीन वर्षांची होती तेव्हा तिच्या हातात पेन्सिल टिकायचीच नाही, चार रेघा मारल्या की हात दुखतो म्हणायची आणि टेबलावर डोकं टेकवून बसायची. मी रोज अर्धा तास तिला वही घेऊन बसवायला लागले आणि रोज रडारड. मग एका फिजिओथेरपिस्टने तिला दहा-पंधरा मिनिटं नुसतं खेळताना बघितलं आणि म्हणाल्या, हिच्या बोटांना काही झालेलं नाही, पोट पाठ आणि खांदे कच्चे आहेत, वही ठेवा बाजूला आणि हिला चढू द्या, लटकू द्या, रांगू द्या. मला तेव्हा ते पटलं नव्हतं. पण आम्ही तसं केलं आणि पुढच्या काही महिन्यांत तिचं बसणंच बदललं, म्हणून हे सगळं इथे सविस्तर लिहितेय.

आधी हे कसं होतं ते बघा. मुलाचा शरीरावर ताबा येतो तो वरून खाली आणि मधून बाहेर. म्हणजे आधी मान, मग पाठ, कंबर, मग पाय. आणि हाताचं म्हणाल तर आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि सगळ्यात शेवटी बोटं. खांदा स्थिर नसेल तर बोटांना बारीक काम करायला आधारच मिळत नाही, सगळा जोर पेन्सिल घट्ट धरण्यात जातो. त्यामुळे अक्षराची चिंता असेल तरी सुरुवात मैदानावरूनच करायची.

किती वेळ? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात 3 ते 4 वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल सांगितलीय, आणि त्यातली किमान 60 मिनिटं चांगली धाप लागेल अशी. एका वेळी 1 तासापेक्षा जास्त खुर्चीत किंवा गाडीत बांधून ठेवायचं नाही, स्क्रीन 1 तासाच्या आत आणि कमी असेल तितकं चांगलं, झोप दुपारची धरून 10 ते 13 तास. तीन तास ऐकून दडपण येतं पण हे सलग नाहीये. या वयाची मुलं जोरात पळतात, थांबतात, मुंगी बघत बसतात, परत पळतात, त्यांची पद्धतच तशी असते, सकाळी वीस मिनिटं, दुपारी घरात थोडं, संध्याकाळी बाहेर तासभर असे तुकडे जोडले तरी होऊन जातं. मैदानाला फेऱ्या मारायला लावणं, आकडे मोजून उठाबशा काढायला लावणं हे मला अजिबात पटत नाही, मूल दोन दिवसांत कंटाळतं आणि मग व्यायाम म्हटलं की पळ काढतं.

वयाचा अंदाज म्हणून सांगते, साधारण तिसऱ्या वर्षी मूल एका पायरीवर एकच पाय ठेवत जिना चढायला लागतं, तीनचाकी सायकल मारतं. चौथ्याच्या आसपास तसंच उतरतं, एका पायावर थोडा वेळ उभं राहतं, मोठा बॉल बहुतेक वेळा झेलतं, बटणं काढतं. पाचव्यापर्यंत लंगडी जमते, काही बटणं लावता येतात. दोन-चार महिने इकडेतिकडे चालतं, शेजारच्या मुलाशी तुलना करू नका.

आता प्रत्यक्ष काय करायचं. घरात सगळ्यात सोपं म्हणजे अडथळ्यांचा रस्ता. टेबलाखालून रांगत जायचं, उशांच्या ढिगावरून चढून पलीकडे उतरायचं, जमिनीवर चिकटपट्टीची रेघ मारून तिच्यावरून चालायचं, शेवटी दोन्ही पायांनी उडी. रेघ जमली की मग टाचेला चवडा लावत चाला, आडवं चाला, उलटं चाला, हातात पाण्याचा कप धरून चाला. शक्य तिथे अनवाणी, कारण तळपायाला जमीन कळली की तोल लवकर येतो. (पाय सपाट दिसतो म्हणून खूप जण घाबरतात, पण या वयात तळव्याला चरबी असते म्हणून कमान दिसत नाही, मूल चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसली आणि पाय दुखत नसेल तर सहसा काळजीचं कारण नसतं.)

प्राण्यांच्या चाली तर रोज घ्या. अस्वलासारखं हातापायांवर चालायचं, खेकड्यासारखं पोट वर करून, बेडकासारख्या उड्या. अस्वल आणि खेकडा यांत खांद्यांवर बरंच वजन येतं आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. हाताची गाडी करायची असेल, म्हणजे तुम्ही पाय धरायचे आणि मुलाने हातांवर चालायचं, तर सुरुवातीला घोट्याला न धरता मांडीला धरा नाहीतर कंबर खाली लोंबते. लटकण्यासाठी मुलाला स्वतः पोचता येईल इतक्या उंचीचा दांडा आणि खाली मऊ जमीन हवी, पाच सेकंद लटकलं तरी पुष्कळ. पण एक गोष्ट कधीच करू नका, मुलाचे हात धरून त्याला गोल फिरवणं किंवा एका हाताने झटका देऊन उचलणं. पाच वर्षांखालच्या मुलांचं कोपर अशाने सटकतं आणि ते प्रेमाने खेळवतानाच होतं. उचलायचं तर काखेत धरून.

उडीबद्दल : "गुडघे वाकव" असं सांगून मुलाला काही कळत नाही, "मांजरासारखं उतर, आवाज येऊ द्यायचा नाही" म्हटलं की गुडघे आपोआप वाकतात. हे शिकवताना फार उपयोगी पडतं, शरीराचा भाग सांगण्यापेक्षा काय घडायला हवं ते सांगायचं.

बॉलवर थोडं जास्त लिहिते कारण इथे मोठी माणसं फार घाई करतात. टेनिसचा बॉल लांबून फेकला की मूल डोळे मिटून तोंड फिरवणारच, त्याची चूक नाही. आधी दोघांनी पाय फाकवून समोरासमोर बसायचं आणि मोठा मऊ बॉल घरंगळवायचा. मग एक टप्पा देऊन. मग अगदी जवळून हलकेच फेकून. सुरुवातीला मूल दोन्ही हात पुढे करून बॉल छातीशी कवटाळतं, तेच बरोबर आहे, तळहातांत झेलणं नंतर येतं. हवेत हळू तरंगणारा पातळ रुमाल तर सगळ्यात छान, बघायला आणि हात न्यायला वेळ मिळतो. फुगाही चालतो पण मोठं माणूस शेजारी असेल तरच, फुटलेला तुकडा तोंडात गेला तर गुदमरायला होतं. फेकण्यात बघाल तर आधी मूल जागेवर उभं राहून नुसता हात हलवतं, मग ज्या हाताने फेकतं त्याच बाजूचा पाय पुढे टाकतं, आणि बऱ्याच सरावानंतर उलटा पाय पुढे येतो. हे टप्पे आपोआप येतात, तुम्ही भिंतीवर मोठं वर्तुळ काढून द्या आणि जोरात मार म्हणा. जोर आला की पाय येतो.

काही मुलं मुळात भित्री असतात, माझा धाकटा तसाच. त्याला घसरगुंडीवर उचलून बसवलं की आणखी घट्ट चिकटायचा. मग मी ठरवलं की जिथे तो स्वतः चढू शकत नाही तिथे त्याला ठेवायचंच नाही, तीन आठवडे तो फक्त खालच्या दोन पायऱ्या चढ-उतर करत होता आणि एक दिवस आपणहून वर गेला. "पडशील!" असं ओरडण्याऐवजी मी शेजारी उभं राहून "आता पाय कुठे ठेवणार?" विचारायचे, भीती कमी होते आणि मूल पायाकडे बघायला शिकतं.

बोटांसाठी वेगळे क्लास नकोत. कागद भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवून उभ्याने चित्र काढू द्या, मनगट आणि खांदा दोन्ही कामाला लागतात. लांब खडूपेक्षा खडूचे छोटे तुकडे द्या, मुठीत धरताच येत नाहीत म्हणून चिमटीत धरावे लागतात. कपड्यांचे चिमटे लावणं, कागद फाडणं, क्ले मळणं, बोथट टोकाची कात्री, झाडांवर फवारा मारणं. डावा हात वापरत असेल तर वापरू द्या, बदलू नका.

घरी ट्रॅम्पोलिन घेऊ नका, सहा वर्षांखाली तर नकोच. वजनं उचलणंही नको.

आणि डॉक्टरांना कधी दाखवायचं : आधी जमत होतं ते आता जमेनासं झालं, तीन वर्षांनंतरही कायम चवड्यांवर चालतंय, एकच हात किंवा एकच पाय वापरतंय, इतर मुलांपेक्षा खूपच जास्त पडतंय, किंवा जमिनीवरून उठताना हात गुडघ्यांवर मांड्यांवर टेकवत टेकवत अंगावर चढल्यासारखं उठतंय. यातलं काहीही दिसलं तर "होईल हळूहळू" म्हणत थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जाण्याआधी मोबाईलवर मूल पळताना, जिना चढताना आणि खाली बसून उठताना असे छोटे व्हिडिओ काढून न्या, दवाखान्यात बहुतेक मुलं आईला चिकटूनच बसतात आणि डॉक्टरांना काहीच बघायला मिळत नाही.