बेबी बूमर नखं: गुलाबीत विरघळणारा पांढरा

फ्रेंच मॅनिक्युअरमध्ये टोकाची पांढरी पट्टी ठळक दिसते. बेबी बूमरमध्ये तोच पांढरा खालच्या गुलाबीत विरत जातो, आणि रंग नेमका कुठे बदलला हे कळता कामा नये.

गव्हाळ किंवा सावळ्या हातांवर खडूसारखा पांढरा उठून दिसतो. त्यापेक्षा दुधाळ पांढरा आणि किंचित पीच झाक असलेला अर्धपारदर्शक गुलाबी घ्या. स्पंज मेकअपचा, बारीक छिद्रांचा हवा. भांड्यांच्या स्पंजाची मोठी छिद्रं नखावर उमटतात.

नखांवरचं तेल रिमूव्हरने पुसा, नाहीतर रंग लवकर सोलून निघतो. बेस कोट, मग गुलाबीचे दोन पातळ थर द्या, मध्ये दोन-तीन मिनिटं थांबून. गुलाबी बोटाला चिकटेनासा झाला की नखाभोवतीच्या कातडीवर फेविकॉल लावून सुकू द्या, म्हणजे तिथे सांडलेला रंग नंतर त्याच्या सालीसकट निघेल.

आता स्पंज भिजवून घट्ट पिळा. कोरडा स्पंज नेलपेंट पिऊन टाकतो आणि बुडबुडे उठवतो. त्यावर गुलाबी आणि पांढऱ्याचे पट्टे शेजारी लावा, मध्ये साधारण दोन मिलिमीटर एकमेकांवर चढलेले. कागदावर एक-दोनदा टेकवून जादा रंग काढा आणि मगच नखावर हलक्या हाताने टिपा, दर वेळी स्पंज मिलिमीटरभर वर-खाली सरकवत. रेषा पुसली जाते ती या सरकवण्याने. एकाच जागी टिपत राहिलात तर पट्टा तसाच राहतो, आणि घासलंत तर खालचा गुलाबी निघून येतो.

रंगाचा पहिला हात फिका, ठिपकेदार दिसतो. तो तसाच असू द्या. दोन मिनिटांनी दुसरा, लागला तर तिसरा. एकाच हातात गडद करायला गेलं की थर आतून ओला राहतो आणि टॉप कोटचा ब्रश तो ओढून नेतो.

फेविकॉलची साल टॉप कोटच्या आधीच काढा. पाचेक मिनिटांनी टॉप कोट भरपूर घेऊन, ब्रश न दाबता पसरवा. स्पंजाचा खडबडीतपणा याच थराखाली बुजतो. नखाच्या कडेवरूनही ब्रश फिरवा, म्हणजे टोकं लवकर झिजत नाहीत.

जेल पॉलिशने करणार असाल तर ते कातडीला लागू देऊ नका आणि ते पक्कं करणाऱ्या यूव्ही किंवा एलईडी दिव्याखाली बाटलीवर लिहिलेला पूर्ण वेळ नखं धरा. अर्धवट पक्क्या झालेल्या जेलमधल्या ॲक्रिलेट या रसायनामुळे ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा जडली की ती सहसा कायमची असते.